बरणी बाईंच्या हातात द्या

१९९६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दुपारी, सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात आमच्या बाईंवर अन्याय झाला. त्या वेळी बाई शिराळ्याला आपल्या गावी होत्या. अन्याय करणाऱ्यांनी तो पाणी, साबण आणि नव्याकोऱ्या काचेच्या बरण्या घेऊन केला, आणि झाल्यावर चहा मागवला.

सुरुवातीलाच कुणावर, कधी, कुठं हे सांगून टाकायची सवय मला बाईंनी लावली. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि अभ्यासापेक्षा पत्रकं जास्त काढत होतो. हॉस्टेलच्या पाण्याचं पत्रक, स्कॉलरशिप अडवणाऱ्या क्लार्कचं पत्रक. असंच एक फाटकाशी बाईंच्या हातात कोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लॅबमध्ये बोलावलं. पत्रकावर पेन्सिलीच्या खुणाच खुणा.

"हे काय आहे?"

"पत्रक आहे, बाई. हॉस्टेलच्या पोरांवर अन्याय झालाय."

"कुठल्या पोरांवर?"

"समद्यांवरच."

"कधी?"

"कायमच होतोय की."

"हे बघ, यात 'घोर' आहे, 'निर्घृण' आहे, 'पाशवी' दोनदा आहे. ठिकाण एकदाही नाही. असल्या वर्णनावरनं मला साधा किडा ओळखता यायचा नाही, अन्याय कसा ओळखू?"

मला राग आला. पण खोलीवर जाऊन पत्रक परत लिहिलं. कुठल्या खोलीचा नळ, कुठल्या महिन्यापासून बंद, कुणाकडं अर्ज दिला, तो काय म्हणाला. नळ चालू झाला. त्यानंतर माझं एकही पत्रक बाईंच्या पेन्सिलीशिवाय छापखान्यात गेलं नाही.

बाईंचा विषय होता खोल समुद्राच्या तळाशी चिखलात राहणारे किडे. त्यांना पॉलिकीट म्हणतात. अंगाला गांडुळासारखी वळी, आणि प्रत्येक वळीला दोन्ही बाजूंनी बारके पाय, पायांवर केसांचे झुबके. सह्याद्रीचा सगळ्यात उंच कडा त्या पाण्यात उभा केला तर त्याचं टोक वर दिसायचं नाही, इतक्या खोलीवर हे राहतात. तिथं उजेड नाही. किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेचं जहाज तळाचा चिखल वर काढायचं, तो चाळायचे, आणि चाळणीवर राहिलेले किडे स्पिरिटच्या छोट्या बाटल्यांत भरून त्या संस्थेतली बाईंची जुनी मैत्रीण कुणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर सांगलीला पाठवायची. बाटल्या आल्या की बाई म्हणायच्या, "पाहुणे आलेत." मग आठवडाभर बाई कुणाला भेटायच्या नाहीत.

बाई त्यांना मायक्रोस्कोपखाली घेऊन वेगळं करायच्या. हा या कुळातला, तो त्या कुळातला. हा माहीत असलेला, हा कुणीच आजवर न बघितलेला. सांगलीत उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी घोट्याखाली जातं, आणि तिथं बसून बाई समुद्राच्या तळाला नावं देत होत्या. स्वतः मात्र पाण्याला भ्यायच्या. एकदा आम्ही पोरांनी त्यांना नावेतनं पलीकडं नेलं, तर नाव हलायच्या आत त्यांनी पदर तोंडाला लावला आणि काठ येईपर्यंत डोळे मिटून बसल्या. नावाडी म्हणाला, "बाई, आवं कमरंएवढं पानी हाय." बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "खोलीचं मला सांगू नका. हलतंय ते बघा."

अंगाला कायम स्पिरिटचा वास. ते स्पिरिट आणायला दारूबंदी खात्याचा परवाना लागतो, तो कॉलेजच्या नावावर होता, आणि बाई कॅन घेऊन रिक्षात बसायच्या. एकदा रिक्षावाल्यानं स्टँडवरच गाडी थांबवली.

"ताई, रागावू नका. पर दुपारी घेऊन हिंडायचं म्हंजे लय झालं."

"मी घेत नाही. किड्यांना लागते."

"किड्यांना?" त्यानं मागं वळून बघितलं. "मग त्येंना तरी सांगा जरा कमी घ्या म्हनावं."

ही गोष्ट बाई स्वतः सांगायच्या आणि हसायच्या. पण त्यांच्या वर्गात एका शब्दाला हसू नव्हतं. तो शब्द 'सारखा'. मुलगा मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाला, "बाई, हे दोन्ही सारखेच हायेत," की बाई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसायच्या. "सारखे दिसतात, म्हण. सारखे आहेत म्हणायचा अधिकार तुला अजून मिळालेला नाही. केस बघ. आता पुढच्या वळीचे बघ. त्याच्या पुढच्या." तास संपायचा, घंटा व्हायची, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहायचे, बाई उठायच्या नाहीत.

दुसरा नियम चिठ्ठीचा. बाटलीत किडा असतो तसाच आत, स्पिरिटमध्येच, एक जाड कागदाची चिठ्ठी असते. पेन्सिलीनं लिहिलेली, कारण पेनची शाई स्पिरिटमध्ये पसरते. कुठं सापडला, किती खोल, कधी, कुणी काढला. चिठ्ठी बाहेर चिकटवली तर कधी ना कधी पडते, म्हणून ती आत. चिठ्ठी गेली की किडा मुका झाला, असं बाई म्हणायच्या. ही सवय त्यांच्या संसारातही घुसली होती. डब्याच्या झाकणात चिठ्ठी, छत्रीच्या कापडाच्या आत चिठ्ठी, स्वेटरच्या कॉलरला आतून टाचलेली चिठ्ठी. लोणच्याच्या बरणीत चिठ्ठी नव्हती, पण त्यांच्या आईनं मला सांगितलं की एकदा घालून बघितली होती.

आम्ही बौद्ध. माझं गाव कडेगावच्या बाजूला. बाई शिराळ्याच्या, उसाचं रान असलेल्या घरातल्या, वडील फौजेतनं सुभेदार म्हणून आलेले. कॉलेजात कोण कुणाचा, हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात बाईंच्या विषयाबद्दल एक काटा होता, आणि एक दिवस तो मी बोलून दाखवला.

"बाई, तुमचं शास्त्र म्हंजे किड्यांचं चातुर्वर्ण्यच की. हा ह्या कुळातला, त्यो त्या कुळातला."

मला वाटलं, चिडतील. त्यांनी मायक्रोस्कोप माझ्याकडं सरकवला.

"यात वरचा कुठला, खालचा कुठला, दाखव."

मी बराच वेळ बघितलं. दोन पांढरट दोरे. एकाचे केस सरळ, एकाचे टोकाला वाकलेले.

"कळत न्हाई."

"कळणार नाही. तो प्रश्नच इथं नाही. कोण कुणाच्या जवळचा, एवढंच विचारायचं. आणि इथं जन्मल्या जन्मल्या कुणी नाव चिकटवत नाही. बघून देतात. देणाऱ्याचं चुकलं तर ते बदलतात."

"आमच्यात बी बदललं, बाई. आज्यानं. छप्पन साली."

बाईंनी शेजारचं स्टूल माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाल्या, "मग तू निम्मा अभ्यास करूनच आलायस. बस. केस मोज."

आता त्या किड्याविषयी. चिखलाच्या एका खेपेत बाईंना एक किडा सापडला. शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड, नखाच्या निम्म्याएवढा लांब. त्याच्या अंगावर मागच्या बाजूला जे केस होते ते टोकाला दुभंगलेले होते, सापाच्या जिभेसारखे. तसे केस त्या कुळात कुणी नोंदवले नव्हते. बाईंनी वर्षभर पुस्तकं चाळली, परदेशातनं लेखांच्या झेरॉक्स मागवल्या, आणि मगच नवी जात म्हणून त्याचं वर्णन छापलं.

नाव देण्यावरनं एक नाटक झालं. प्राचार्यांच्या कानावर गेलं की बाई नव्या प्राण्याला नाव देणार आहेत. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी हॉस्टेलच्या कामासाठी तिथंच उभा होतो.

"बाई, अभिनंदन. माझी एक सूचना आहे. आपल्या शिक्षणसंस्थेच्या चेअरमनसाहेबांचं नाव द्या. जगभर जाईल."

"किड्याला?"

"किडा कशाला म्हणता. सागरी जीव म्हणा."

"बरं. सर, हा सागरी जीव पुढनं चिखल खातो आणि मागनं चिखल सोडतो. आयुष्यभर तेवढंच करतो. साहेबांना एकदा विचारून घ्या, चालत असेल तर देते."

प्राचार्यांनी विचारलं नाही. बाईंनी दुभंगलेल्या केसांवरनं लॅटिनमध्ये नाव दिलं. पण ती गोष्ट स्टाफरूमपर्यंत गेली, स्टाफरूममधनं साहेबांपर्यंत गेली, आणि कॉलेजात बाईंच्या बाजूनं बोलणारं त्यानंतर कुणी राहिलं नाही.

या शास्त्राचा एक नियम इथं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. नव्या जातीचं नाव हवेत नसतं. ते एका ठरावीक, बाटलीतल्या किड्याला बांधलेलं असतं. बाजारात वजनावरनं भांडण झालं की सरकारी छापाचं वजन आणून तोलतात, तसा तो किडा. उद्या जगात कुणालाही शंका आली तर तो काढून बघायचा. तो हरवला की नाव लोंबकळतं. आणि बाईंना त्या जातीचा एकच किडा मिळाला होता. वर्णन करताना त्यांनी त्याच्या डाव्या बाजूचा, दहाव्या वळीचा एक पाय कापून काचेच्या पट्टीवर कायमचा बसवला होता, म्हणजे स्लाइड केली होती. असं करतातच. बाकीचा किडा बाटलीत, चिठ्ठीसकट. दिवाळीनंतर संशोधन संस्थेचा माणूस सांगलीला येणार होता आणि तो बाटली हातानं घेऊन जाऊन सरकारी संग्रहात ठेवणार होता. स्पिरिटची बाटली पोस्ट घेत नाही. म्हणून बाटली विभागात राहिली. स्लाइड आणि विभागाचा एक मायक्रोस्कोप बाईंनी त्या पायाची मोठी चित्रं काढायला शिराळ्याला नेला.

आणि दिवाळीनंतर विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती.

विभागप्रमुख सर वाईट माणूस नव्हते. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण या प्रकरणावरच्या पहिल्या पत्रकात मी त्यांना 'खुनी' म्हटलं होतं आणि बाईंनी तो शब्द खोडला होता. समासात लिहिलं होतं, "किडा आधीच मेलेला होता." सरांना विभाग नीटनेटका दाखवायचा होता. कपाटात बाईंच्या धुरकट बाटल्यांच्या रांगा होत्या, प्रत्येकीत बोटाएवढा पिवळा कागद आणि दोऱ्यासारखं काहीतरी. प्राचार्यांनी फिरताना नाक मुरडलं. म्हणून सुट्टीत सर आणि दोन प्राध्यापक आले, त्यांनी बाटल्या उघडल्या, एकसारखे दिसणारे किडे एकत्र केले आणि दोन मोठ्या बरण्यांत ओतले. एक मोठी, एक तिच्याहून लहान. रिकाम्या बाटल्या मोरीत साबणानं धुतल्या. भिजलेले कागद काढून कचऱ्यात टाकले, कारण ते बरणीत घाण दिसत होते. बाहेरून सुबक अक्षरात कार्ड लावलं, 'खोल समुद्रातील कृमी'. शिपायांनी नाही, चोरांनी नाही. तीन एम.एस्सी. झालेल्या माणसांनी हे केलं, आणि मनापासून केलं.

भाऊबीज करून बाई आल्या. मी तेव्हा लॅबमध्ये होतो. त्यांनी कपाट बघितलं, बरण्या बघितल्या.

"चिठ्ठ्या?"

"अहो बाई, त्या पार विटल्या होत्या," सर म्हणाले. "टाकल्या. पण किडे सगळे आहेत हां. एकही फेकला नाही. सारखे सारखे एकत्र केलेत."

बाई खाली बसल्या. स्टुलावर नाही, फरशीवर. मग उठल्या आणि कॉलेजच्या मागं कचरा जाळायच्या खड्ड्याकडं गेल्या. राख होती. परत येऊन पेन्सिलीनं एक कागद लिहिला, 'कुणीही हलवू नये', आणि बरण्यांना बाहेरून चिकटवला. बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी मी बाईंच्या हातची तेवढी एकच पाहिली.

समितीनं बरण्यांचं कौतुक केलं. त्यामुळं मोठी बरणी प्राचार्यांच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात गेली, ढालीशेजारी. लहान बरणी बाईंनी मागून घेतली आणि निवडायला बसल्या. सगळे किडे बशीत ओतायचे, एकेक मायक्रोस्कोपखाली घ्यायचा, मागचे केस दुभंगलेले आहेत का बघायचं, मग डाव्या बाजूची दहावी वळी बघायची. पाय नाही, तो आपला. ज्याची दहावी वळी आणि शिराळ्याहून परत आणलेल्या स्लाइडवरचा पाय जुळेल, तो नक्की आपला. चिठ्ठी जळली तरी किड्यानं आपली खूण स्वतःच्या अंगावर ठेवली होती.

या कामाला बाईंनी हिवाळा घातला. लहान बरणीत तो नव्हता.

"मोठीत असेल," बाई म्हणाल्या, "नाहीतर मोरीत."

मोठी बरणी मागितली तर उत्तर आलं, संस्थेची मालमत्ता आहे, प्रदर्शनीय वस्तू आहे, उघडता येणार नाही.

तेवढ्यात परदेशातल्या एका संशोधकाचं बाईंना पत्र आलं. तो त्या सगळ्या कुळाचा आढावा लिहीत होता. त्याच्याकडं दुसऱ्या समुद्रातला एक किडा होता, आणि त्याला वाटत होतं की बाईंची जात वेगळी नाहीच, जुन्याच जातीला बाईंनी नवं नाव दिलंय. नमुना बघायला पाठवा, असं सभ्य भाषेत लिहिलं होतं. नाही पाठवला तर तो बाईंचं नाव 'संशयित' म्हणून लिहिणार. त्यात त्याचं चूक काही नव्हतं. नियमच तसा आहे.

प्राचार्यांनी तोडगा काढला. केबिनमध्ये बाई, सर आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी.

"बाई, एवढं कशाला ताणायचं? लहान बरणीतला तसलाच एखादा घ्या. डावीकडचा पाय काढा. द्या पाठवून. कोण बघतंय?"

"तो बघणार आहे. त्यासाठीच मागतोय."

"त्याला तरी काय कळणार, किडा किड्यासारखाच."

बाईंनी सरांकडं बघितलं. सर खाली बघत होते. विषय त्यांचाही होता.

"सर, तुम्ही सांगा यांना," बाई म्हणाल्या.

सर काही बोलले नाहीत. बाईंना सगळ्यात जास्त लागलं असेल तर ते हे. बरण्यांचं त्यांनी सरांना कधीच माफ करून टाकलं होतं.

बाईंनी त्या संशोधकाला आणि जिथं वर्णन छापलं होतं त्या नियतकालिकाला खरं ते कळवलं. तिथं एक टीप छापून आली. त्यात एक ओळ अशी होती, की विभागात बाटल्या एकत्र ओतण्यात आल्या आणि आतल्या चिठ्ठ्या टाकून देण्यात आल्या, त्यामुळं नमुना सध्या वेगळा करता येत नाही, शोध चालू आहे. कुणाचं नाव नाही, एक विशेषण नाही. मी वाचून म्हणालो, "बाई, लय मऊ लिवलंय." बाई म्हणाल्या, "यात काही खोटं आहे का? नाही ना? मग ते मऊ नाही."

त्या एका ओळीवर संस्था पेटली. बाईंना मेमो मिळाला. मौल्यवान शैक्षणिक साहित्याच्या जतनात निष्काळजीपणा, आणि संस्थेची बदनामी. प्राचार्यांनी एक मजकूर तयार करून समोर ठेवला. नमुना नैसर्गिक कारणानं खराब झाला, असं बाईंनी छापायला पाठवायचं. पाठवलं की मेमो मागं.

"एका ओळीचा प्रश्न आहे, बाई."

"होय. म्हणून तर बदलता येत नाही. दहा ओळी असत्या तर एखादी इकडची तिकडं केली असती."

"तुमच्या नोकरीचा विचार करा."

"केला. नोकरीत मला वर्णन लिहायला ठेवलंय. दिसलं नाही ते कसं लिहू?"

जून १९९७ मध्ये बाईंची बदली झाली. संस्थेच्या, कडेगावच्या पुढं असलेल्या ज्युनिअर कॉलेजात, अकरावीला जीवशास्त्र शिकवायला. तिथं मायक्रोस्कोप नाही. स्पिरिटचा परवाना नाही. बाईंनी ऑर्डर घेतली, स्लाइड पत्र्याच्या डब्यात कापसात घालून पिशवीत ठेवली, आणि एसटीनं गेल्या.

मी तेव्हापासून दोनदा मोर्चा काढला, एकदा उपोषणाला बसलो. तपासणी समितीतले एक निवृत्त प्राध्यापक साताऱ्यात राहतात असं कळलं, म्हणून त्यांच्याकडंही गेलो. म्हातारा माणूस, अंगणात खुर्ची टाकून बसलेला. मी बरणीचं नाव काढताच चेहरा उजळला.

"ती होय. वा. काय मांडणी. एवढ्या कॉलेजात गेलो, समुद्राचं दालन कुठं नव्हतं. आम्ही अहवालात लिहिलंय बरं का, उत्कृष्ट म्हणून."

"सर, आत कुठल्या जाती होत्या, विचारलं होतं का?"

"कार्ड होतं ना बाहेर."

मी नमस्कार केला आणि निघालो. तावातावानं बोलायचं ठरवून गेलो होतो, पण त्यांच्यावर काही लिहायला पेन उचललं नाही. समितीत एवढा साधा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं, हे मात्र इथं लिहून ठेवतो.

बाईंची तिकडं वेगळीच कीर्ती झालीय. आसपासच्या गावांत त्यांना 'किड्याच्या बाई' म्हणतात. उसाला हुमणी लागली की शेतकरी ती पांढरी अळी कागदात गुंडाळून बाईंच्या दारात येतात. मागच्या महिन्यात मी गेलो होतो, तेव्हा आमच्या गावचे एक तात्या बसले होते.

"बाई, ह्यो बघा की. मुळ्या खाऊन टाकल्या समद्या. ह्येला काय मारावं?"

"तात्या, हा माझा विषय नव्हं. माझे किडे समुद्रातले."

"आवं, किडा त्यो किडाच की."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग निमूटपणे अळी बाटलीत घातली, पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली, कुणाचं रान, कुठला तुकडा, किती खोल सापडली, आणि चिठ्ठी आत सरकवली. "शेतकी कॉलेजात पाठवते. पण तात्या, शेजारच्या रानातली पण एक आणा. ती हीच असेल असं धरून चालू नका."

तात्या जाताना मला म्हणाले, "बाई चांगल्या हायेत रं. पर लय चौकशा करत्यात."

त्यांना गप्प करून संस्थेला वाटलं असेल की मिटलं. मिटलेलं नाही. बाई दर महिन्याला प्राचार्यांना एक अर्ज पाठवतात. मजकूर तोच. मोठी बरणी निवडायला द्यावी, सुट्टीत येईन, बरणी कॉलेजबाहेर नेणार नाही, मायक्रोस्कोप तुमचाच वापरेन. उत्तर येत नाही. पुढच्या महिन्यात अर्ज जातो. परदेशातल्या त्या संशोधकानं कळवलंय की आढाव्याचं पुस्तक पूर्ण होत आलंय, पण हे पान तो शेवटपर्यंत मोकळं ठेवेल. त्याला बाईंची ती टीप आवडली असावी. मी बाईंना विचारलं, "आणि मोठीत न्हाई सापडला तर?"

"तर तसं छापीन. मोरीत गेला म्हणून छापीन. पण बघितल्याशिवाय मी त्याला गेला म्हणणार नाही."

या सगळ्यात कुणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी. स्पिरिट उडतं. बरणीचं झाकण घट्ट नाही, आणि परवान्यावर स्पिरिट उचलून त्या बरणीत भर घालणारी बाई आता कॉलेजात नाही. गेल्या आठवड्यात मी एका मुलाच्या दाखल्यासाठी ऑफिसात गेलो होतो. स्पिरिट बरणीच्या निम्म्याखाली उतरलंय. किडे तळाशी आहेत, अजून बुडालेले आहेत. या उन्हाळ्यानंतर नसतील. सुकलेल्या किड्याचे केस हात लावला की झडतात, आणि मग ती दहावी वळी कुणालाही वाचता येणार नाही, बाईंनासुद्धा नाही. संस्थेला बाईंना नाही म्हणायचीही गरज पडणार नाही. नुसतं थांबलं की झालं.

म्हणून हे पत्रक तुमच्यासाठी आहे. तुम्ही या कॉलेजचे माजी विद्यार्थी असाल, पालक असाल, संस्थेचे सभासद असाल, किंवा सांगलीत हळदीच्या पेठेत नुसते कामाला येत असाल. ऑफिस सकाळी उघडतं. कुणालाही आत जाता येतं. आत शिरल्यावर ढालींचं काचेचं कपाट आहे, त्यात ती बरणी आहे. प्राचार्यांना दोन गोष्टी सांगा. आज तिच्यात स्पिरिट घाला. आणि ती उघडून निवडायला बाईंच्या हातात द्या. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरनं उठू नका. सह्यांचा कागद मी आणलेला नाही, मला सही नको. तुम्ही जा.